शेवटचा हप्ता

मागील अंकातील ‘हातउसने’ या लेखानंतर बऱ्याच वाचकांचे दूरध्वनी आले. त्यांतील एका भगिनींचा प्रश्न मनात घर करून राहिला. मुलाच्या विवाहाला पाच महिने होऊन गेले, अल्बम अद्याप मिळालेला नाही. छायाचित्रकार उरलेली रक्कम मागतात आणि यजमान म्हणतात, “अल्बम हाती पडल्याखेरीज एक रुपया सुटणार नाही.” दोघांपैकी बरोबर कोण, असे त्यांनी विचारले. उत्तर देण्यापूर्वी एक कबुली देणे मला भाग आहे. याच व्यवहारात मी स्वतः एकदा चुकलो आहे, आणि तेही सारी उमर हप्ते वसूल करण्यात घालवून!

२००६ साली मी सोलापूर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी शाखाधिकारी होतो. एके दिवशी तेवीस-चोवीस वर्षांचा एक तरुण कर्जाचा अर्ज घेऊन आला. डिजिटल कॅमेरा, दोन लेन्स, फ्लॅश आणि संगणक यांसाठी त्याला १ लाख ८० हजार रुपये हवे होते. तोवर त्याचे सारे काम फिल्मच्या रोलवर चाले. एका रोलमध्ये छत्तीस छायाचित्रे आणि एका विवाहाला आठ-दहा रोल. बटण दाबले की पैसे खर्च होत, आणि छायाचित्र कसे उतरले ते सोलापूरच्या लॅबमधून रोल धुऊन आल्यावरच कळे. कोणाचे डोळे मिटलेले निघाले, तर तो क्षण कायमचा गेला. शहरातील लोक डिजिटलकडे वळले होते आणि मागे राहिलो तर काम राहणार नाही, हे त्याने ओळखले होते.

मुद्रा योजना २०१५ साली आली. आज अशा छोट्या व्यावसायिकाला तिच्यातून विनातारण कर्ज मिळू शकते. तेव्हा ती योजना नव्हती. मी नेहमीचे प्रश्न विचारले. मालाचा साठा किती? येणी किती? त्यावर तो म्हणाला, “साहेब, साठा काही नाही. लग्न झालं की माझा माल संपला.” मग त्याने पिशवीतून एक जाड रोजनिशी काढली. पुढील मोसमातील एकतीस तारखा तीत नोंदलेल्या होत्या. प्रत्येकीपुढे कुटुंबाचे नाव, गाव आणि मिळालेला विसार. दुकानदाराच्या साठ्यापेक्षा ती रोजनिशी मला अधिक भरवशाची वाटली. कॅमेरा नजरगहाण ठेवून, किराणा दुकान असलेले त्याचे मामा जामीनदार घेऊन मी कर्ज मंजूर केले.

कर्जाची परतफेड उत्तम झाली. मात्र एक गोष्ट दर वर्षी घडे. भाद्रपद-आश्विनातले दोन हप्ते थकत आणि मार्गशीर्षात व्याजासह एकदम भरले जात. प्रथम मी त्याला कडक शब्दांत पत्र लिहिले. तो शाखेत आला आणि त्याने भिंतीवरच्या पंचांगाकडे बोट दाखवले. आषाढी एकादशी ते तुळशीविवाह मुहूर्त नाहीत. पुढे पौषात पुन्हा खंड. गुरू-शुक्राचा अस्त आला तर ऐन मोसमातले दिवस कमी होतात. उरलेल्या महिन्यांत मुहूर्त दाटीवाटीने येतात आणि एकाच तारखेला चार घरे बोलावतात. माणूस तर एकाच मांडवात उभा राहू शकतो. म्हणजे वर्षाची मिळकत मोजक्या दिवसांत आणि हप्ता मात्र बारा महिने. चातुर्मासात पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, गणेशोत्सव, दिवाळीतील दुकानांचे लक्ष्मीपूजन यांवर घर चाले. शेतकऱ्याला सुगीनुसार हप्ते बांधून देणाऱ्या बँकेला छायाचित्रकाराचीही सुगी असते, हे तोवर सुचले नव्हते. त्यानंतर मी त्याचे हप्ते मोसमानुसार बांधून दिले. पुढे एकही थकला नाही.

हेच गृहस्थ २०१७ च्या मे महिन्यात माझ्या कन्येच्या विवाहासाठी आले. आता त्यांच्याबरोबर पाच जणांचा चमू होता. ठरलेली रक्कम १ लाख २० हजार. तिच्यातील तीस टक्के विसार म्हणून, पन्नास टक्के विवाहाच्या दिवशी आणि वीस टक्के, म्हणजे २४ हजार, अल्बमच्या वेळी द्यायचे होते. घासाघीस मीच केली होती. त्यांनी पाच हजार कमी केले आणि मला त्याचे समाधान वाटले.

वधूपित्याला स्वतःच्या घरच्या कार्यात फारसे काही पाहता येत नाही. तरीही जे दिसले ते सांगतो. पहाटे पाच वाजता त्यांची गाडी कार्यालयाच्या दाराशी उभी होती. एकाच वेळी दोन कार्डांवर छायाचित्र उतरवणारा कॅमेरा, तो बंद पडलाच तर दुसरा, भरलेल्या बॅटऱ्या वेगळ्या कप्प्यात आणि संपलेल्या वेगळ्या. हळदीच्या मांडवातील पिवळ्या कापडामुळे सर्वांचे चेहरे पिवळे दिसतात, म्हणून त्यांनी एका बाजूचे कापड सोडवून घेतले. अंतरपाट दूर होण्याचा क्षण केवळ एका श्वासाचा असतो. तो टिपण्यासाठी ते वीस मिनिटे एका पायावर भार देऊन उभे होते, आणि नेमक्या त्या वेळी आमच्याच एका पाहुण्यांनी मोबाइल उंचावून मध्ये हात घातला. ते रागावले नाहीत. अर्धे पाऊल सरकले आणि छायाचित्र मिळवले. मंगलाष्टके पुन्हा म्हणायला सांगता येत नाहीत, एवढेच ते नंतर हसून म्हणाले.

त्या संध्याकाळची एक गोष्ट मात्र विशेष सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपते. छायाचित्रकाराच्या दृष्टीने नेमकी तीच घटका सोन्याची. उन्हे उतरतात, प्रकाश मऊ होतो आणि वधूवरांची उत्तम छायाचित्रे त्याच पाऊण तासात मिळतात. म्हणजे आपण पंगतीला बसतो तेव्हा हा माणूस कामात असतो, आणि त्याचे काम संपते तेव्हा आपले स्वयंपाकघर बंद झालेले असते. आजवर किती विवाहांत किती चमू असे उपाशी परतले असतील, याचा विचार मी कधी केला नव्हता. माझ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईने तो केला. भटारखान्याच्या दाराशी खुर्ची टाकून ती बसली होती. सूर्यास्तापूर्वी तिने सहा ताटे वाढून घेतली आणि दुसऱ्या सहा ताटांनी झाकून ठेवली. आचारी म्हणाला, “आजी, ते काय बाहेर जाऊन खातील.” आई म्हणाली, “नियम आपला आहे, भूक त्यांची आहे.” कोणीतरी जाऊन छायाचित्रकारांना बोलावून आणले. ताटे पाहून ते हसले, तीही हसली, आणि गळ्यातला कॅमेरा उचलून त्यांनी एक छायाचित्र टिपले. मग हात धुऊन सर्व जेवायला बसले.

विवाह उत्तम झाला. तीन आठवड्यांनी त्यांनी नऊशे छायाचित्रांचा पेनड्राइव्ह दिला. त्यांतून अडीचशे निवडून द्यायची, म्हणजे अल्बमची पाने मांडता येतील. येथून माझी चूक सुरू होते. कन्या बंगळुरूला गेली होती. जावईबापूंना सवड नव्हती. विहीणबाईंची यादी निराळी, आमच्या घरची निराळी. कोणत्या आत्याचे किती फोटो घ्यावेत, यावर दोनदा बोलणी फिसकटली. दोन महिने गेले, चार गेले. त्यांचा दोनदा दूरध्वनी आला. “साहेब, सिलेक्शन झालं का?” एवढेच ते विचारत, पैशाचा विषय त्यांनी काढला नाही. मी “पाहतो” म्हणत राहिलो. मनातून मी निर्धास्त होतो, कारण २४ हजार रुपये माझ्याकडे होते. बँकेच्या सवयीने मी त्या रकमेला तारण समजत होतो. परंतु काम अडले होते ते माझ्यामुळे. स्वतः अडवलेल्या कामासाठी दुसऱ्याची रक्कम अडकवून ठेवणे याला तारण म्हणत नाहीत, हे मला शाखेत कोणी सांगितले असते तर मी मान डोलावली असती. घरात मात्र सुचले नाही.

जानेवारीत आई गेली. रात्रीचे दहा वाजले होते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात निधनवार्ता द्यायची, तर अकराच्या आत छायाचित्र पोहोचायला हवे होते. घरात शोधाशोध झाली. बँकेच्या खातेपुस्तकावरचा जुना चेहरा, समूहचित्रात कडेला अर्धी झाकलेली मूर्ती. धड असे एकही मिळेना. त्या नऊशे छायाचित्रांत ती होती, पण जवळपास प्रत्येक ठिकाणी कोणाच्या तरी मागे. धाकट्या भावाने संकोचत छायाचित्रकारांना दूरध्वनी केला. पंधरा मिनिटांत मोबाइलवर चित्र आले. भटारखान्याच्या दाराशी बसलेली, डोक्यावरचा पदर किंचित ढळलेला, मनमोकळी हसणारी आई. चित्रात वधूवर नाहीत, मानाचे पाहुणे नाहीत. म्हणून आम्हाला निवडीसाठी दिलेल्या नऊशेंत ते नव्हतेच. मूळच्या चार हजारांतून त्यांनी ते शोधून काढले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः तसबीर घेऊन आले. वर्तमानपत्रात फक्त चेहरा छापला गेला होता. तसबिरीत मात्र त्यांनी चित्र पूर्ण ठेवले होते. आईच्या मागे झाकलेली सहा ताटे त्यात दिसतात. मी खिशाकडे हात नेला. “साहेब, आज नको,” म्हणून ते हात जोडून उभे राहिले आणि निघून गेले.

दुखवट्याचे दिवस सरल्यावर मी त्यांच्या दुकानी गेलो, २४ हजार रुपये दिले आणि क्षमा मागितली. मग जे अकरा वर्षांपूर्वी विचारायला हवे होते ते विचारले: एका विवाहाचा हिशेब कसा असतो? त्यांनी आमच्याच विवाहाचे पान उघडले. दुसऱ्या छायाचित्रकाराचे दोन दिवसांचे १६ हजार. चलचित्रण करणाऱ्या दोघांचे २८ हजार. ड्रोनचे ७ हजार. प्रकाशयोजनेचा मदतनीस आणि प्रवास ८ हजार. अल्बमची मांडणी आणि दोन प्रतींची छपाई २१ हजार. चलचित्राचे संपादन १६ हजार. एकूण ९६ हजार. मी वजाबाकी केली आणि गप्प झालो. उरले होते नेमके २४ हजार. पहिल्या दोन हप्त्यांतून त्यांनी इतरांची देणी भागवायची होती. त्यांच्या स्वतःच्या श्रमाचे मोल तेवढे मी आठ महिने अडवले होते. मी घासाघीस करून कमी केलेले पाच हजारही त्यांच्या त्याच वाट्यातून गेले होते.

बरे, हे २४ हजार म्हणजे निव्वळ नफा असेही नाही. दुकानभाडे, वीज, कर्जाचे व्याज आणि तीन आठवडे संगणकापुढे बसून केलेले काम यांतच भागवायचे. शिवाय घसारा. कॅमेऱ्याचे शटर हा झिजणारा भाग असतो. अनेक व्यावसायिक कॅमेऱ्यांच्या शटरचे आयुष्य उत्पादक दीड ते दोन लाख क्लिक इतके सांगतात. एका विवाहात एका कॅमेऱ्यावर चार हजार क्लिक धरले, तर पन्नास विवाहांत दोन लाखांचा आकडा गाठला जातो. संपादनासाठी राखलेली मूळ छायाचित्रे प्रत्येकी पंचवीस-तीस एमबीची. म्हणजे एका विवाहाची केवळ छायाचित्रेच शंभर-सव्वाशे जीबी होतात, चलचित्रण निराळे. ते सारे दोन ठिकाणी सांभाळायचे. भिंतीवरच्या फळीवर वर्षे लिहिलेल्या हार्ड डिस्क ओळीने मांडल्या होत्या. करारात माहिती सहा महिने जपण्याची अट होती, हे मला आठवले. आमचे सहा महिने केव्हाच उलटले होते. मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “सिलेक्शन न झालेलं लग्न मी पुसत नाही, साहेब.”

शेजारी येण्यांची वही उघडी होती. सतरा नावे होती. काहींच्या घरी मी स्वतः कर्जवसुलीस नव्हे, तर ठेवी मागण्यास गेलो होतो. अशी भरभक्कम घराणी. घाऊक व्यापाऱ्याचे देणे एक दिवस चुकले तर बाजारातील साख जाईल, म्हणून जी माणसे रात्रीची झोप घेत नाहीत, त्यांच्याच नावापुढे वर्ष-दीड वर्षाची बाकी होती. कोणाचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही. विवाह पार पडला की मन त्यातून बाहेर येते आणि उरलेली देणी ‘किरकोळ’ या सदरात जातात. आपल्याला जे किरकोळ, ते कोणाचे तरी संपूर्ण उत्पन्न असते.

वाचकांपैकी बहुतेकांना ४५ दिवसांचा नियम ठाऊक आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसंबंधीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे करार असल्यास अधिकाधिक ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत चुकते करावे लागते. प्राप्तिकर कायद्यात त्याला जोडून तरतूद आल्यापासून तर आपल्या पेढ्यांवर मार्चअखेर केवढी धावपळ असते! घरच्या विवाहाचा खर्च व्यवसायाचा नसल्याने प्राप्तिकराची ती कात्री येथे लागत नाही. परंतु पेढीवर जो न्याय आपण पाळतो, तो उंबरठ्याच्या आत आल्यावर सोडून द्यावा, असे कोणत्याही वहीत लिहिलेले नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. छायाचित्रकारांतही एका तारखेला तीन कामे घेणारे, अनोळखी मुलाच्या हाती कॅमेरा देऊन पाठवणारे, वर्षभर अल्बमची तारीख पुढे ढकलणारे असतात. अशा वेळी ग्राहक संरक्षण कायद्याचा मार्ग मोकळा आहे. पण तेथवर जाण्याची वेळ येऊ नये, म्हणून व्यापारी मंडळींना साजेसा उपाय एकच: व्यवहार लिहून ठेवावा. आमच्या घरी आता पुढील बाबी आधीच कागदावर उतरतात.

एक, निवडीची मुदत आपल्यावर आणि अल्बमची मुदत त्यांच्यावर. आम्ही तीस दिवसांत निवड द्यायची, त्यांनी त्यापुढील पंचेचाळीस दिवसांत अल्बम द्यायचा. निवडीचा अधिकार घरातील एकाच व्यक्तीकडे ठेवावा. सर्वांचे मत घेत बसल्यास काय होते, ते वर आलेच आहे.

दोन, शेवटच्या हप्त्याचे दोन भाग. अर्धा भाग संपादित छायाचित्रे हाती येताच, उरलेला अल्बम मिळताच. आपली निवड मुदतीत झाली नाही, तर तोही भाग मुदत संपताच देऊन टाकावा.

तीन, छायाचित्रांची मालकी आणि वापर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालकी हक्क, वेगळा करार नसल्यास, काढून घेणाऱ्याकडे असतो. तेव्हा आपल्या मुलीसुनांची छायाचित्रे त्यांनी जाहिरातीसाठी वापरावीत की नाही, हे आधीच ठरवावे. ड्रोन वापरायचा असल्यास चालवणाऱ्याकडे आवश्यक परवाना आहे का, हेही पाहावे.

चार, जेवण. हे करारात लिहू नये, आपल्या लक्षात ठेवावे. सूर्यास्तापूर्वी किती ताटे झाकून ठेवायची, तो आकडा आचाऱ्याला सकाळीच सांगावा.

आता भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर. आपली निवड देऊन झाली असेल आणि ठरलेली मुदत टळली असेल, तर यजमानांचे बरोबर आहे. त्यांनी अल्बमची तारीख लेखी मागावी. परंतु निवडीचा पेनड्राइव्ह अद्याप आपल्याच कपाटात पडून असेल, तर बाकी आपली आहे. आज अर्धी रक्कम पाठवावी आणि या आठवड्यात निवड पूर्ण करावी.

दिवाळी जवळ आली आहे. पाडव्याला नवी वही घालण्यापूर्वी आपण जुन्या वहीतील सारी खाती पाहतो. यंदा त्यांबरोबर मागील मोसमातील विवाहाची फाइलही एकदा उघडावी. छायाचित्रकार, मांडववाले, सनईवाले, आचारी यांपैकी कोणाची बाकी राहिली आहे का, एवढे पाहावे. तुळशीविवाहापर्यंत त्यांना नवे काम नाही. त्यांच्या घरीही दिवाळी आहे.